हवेवाचून बेंझिन कोण खाते?

पावसाळ्यात पुणे-सातारा महामार्गावर नसरापूर किंवा कापूरहोळला एस. टी. तून उतरलात, तर ओल्या डांबरी रस्त्यावर एक दृश्य हमखास दिसते. कुठल्या तरी गाडीतून पेट्रोलचे चार थेंब सांडलेले असतात. पाण्यावर त्यांचा पातळ पापुद्रा पसरलेला असतो आणि त्यात जांभळे, हिरवे, तांबडे पट्टे खेळत असतात. पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, त्यातून हे रंग उमटतात. माझा विषय भौतिकी, त्यामुळे वर्गात आम्ही येथवर येऊन थांबतो. पण विद्यार्थी मित्रांनो, आज आपण त्यापुढचा प्रश्न विचारू. जोराची सर आली की हा पापुद्रा जातो कुठे?

त्यातला बराचसा भाग हवेत उडून जातो. उरलेला पाण्याबरोबर ओघळात, ओघळातून खाचरात आणि मातीतून खाली झिरपत जातो. म्हणजे प्रश्न आता आपल्या विहिरीपाशी आला!

एक लिटर पेट्रोल, तीन विहिरी

पेट्रोल हे एकच रसायन नव्हे, अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. त्यात बेंझिन, टोल्यूइन, झायलीन अशी काही संयुगे असतात. यांना 'ॲरोमॅटिक' म्हणजे सुगंधी संयुगे म्हणतात. नाव गोड असले तरी स्वभाव गोड नाही. बेंझिन दीर्घकाळ शरीरात जात राहिले, तर हाडांच्या मगजावर त्याचा परिणाम होतो आणि रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणूनच भारतात आज विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये बेंझिनचे प्रमाण आकारमानाने १ टक्क्यापेक्षा जास्त असता कामा नये, असा नियम आहे.

१ टक्का म्हणजे फारच थोडे, नाही का? चला, वहीत गणित मांडा. १ लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त १० मिलिलिटर बेंझिन. त्याचे वजन सुमारे ८·८ ग्रॅम, म्हणजे ८८ लाख मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १० मायक्रोग्रॅमपर्यंतच बेंझिन चालते. भागाकार केला की उत्तर येते ८ लाख ८० हजार लिटर. आता ६ मीटर व्यासाची आणि १० मीटर पाणी असलेली विहीर घ्या. तिच्यात सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी मावते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमधले सगळे बेंझिन न उडता पाण्यात उतरले, तर अशा तीन विहिरींचे पाणी मर्यादेपर्यंत जाऊन पोचेल.

मग इतकी वर्षे जमिनीवर तेल सांडत असूनही आपल्या सगळ्याच विहिरी कशा बिघडल्या नाहीत? याचे एक कारण असे, की जमिनीत हे रेणू खाणारे जिवाणू आहेत. त्यांतले काही तर हवेतल्या ऑक्सिजनवाचून हे काम करतात. ते कसे, हेच आज पाहावयाचे आहे.

सहा कोनांचा किल्ला

आधी प्रतिपक्षाची ओळख करून घेऊ. १८२५ मध्ये मायकेल फॅराडे या इंग्लिश शास्त्रज्ञाने दिव्याच्या वायूच्या तेलकट गाळातून बेंझिन वेगळे काढले. त्याच्या रेणूत ६ कार्बन आणि ६ हायड्रोजन अणू आहेत. ते एकमेकांना कसे जोडलेले असतील? १८६५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले याने सांगितले, की सहा कार्बन अणूंनी एकमेकांचे हात धरून कडे केले आहे. १९२९ मध्ये कॅथलीन लॉन्सडेल या विदुषीने क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले, की हे कडे सपाट षट्कोनी असते.

या कड्यात एक गंमत आहे. कार्बन-कार्बन एकेरी बंधाची लांबी असते १·५४ अँगस्ट्रॉम आणि दुहेरी बंधाची १·३४. (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम.) बेंझिनचे सहाही बंध मात्र सारखेच, सुमारे १·३९ अँगस्ट्रॉम लांबीचे निघाले. ना एकेरी, ना दुहेरी! याचा अर्थ असा, की काही इलेक्ट्रॉन कोणत्याही दोन अणूंच्या मालकीचे नसून सगळ्या कड्याच्या सामाईक मालकीचे आहेत. या सामाईक व्यवस्थेमुळे रेणूला दर मोलमागे सुमारे १५० किलोजूल इतके जादा स्थैर्य मिळते. वेल्ह्याच्या परिसरात तोरणा आणि राजगड हे दोन बुलंद किल्ले आहेत. किल्ला घ्यायचा तर कच्ची बाजू शोधावी लागते. बेंझिनच्या किल्ल्याला कच्ची बाजूच नाही, सहाही बुरूज सारखेच भक्कम!

ऑक्सिजनची कुऱ्हाड

मोकळ्या हवेतल्या जिवाणूंनी यावर सरळ उपाय काढला. स्यूडोमोनास नावाच्या कुळातले काही जिवाणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन्ही अणू विकरांच्या मदतीने थेट कड्यावर बसवतात. (सजीवांच्या पेशीत रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकर किंवा एन्झाइम म्हणतात.) ऑक्सिजन बसला, की कड्यातल्या इलेक्ट्रॉनांची एकी मोडते. मग ऑक्सिजनचाच आणखी एक घाव घालून कडे फोडले जाते. अशा रीतीने ऑक्सिजन येथे दोन कामे करतो. तो कुऱ्हाड म्हणून वापरला जातो आणि श्वासालाही उपयोगी पडतो.

पण जमिनीखाली ऑक्सिजन आहे किती? एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. १ ग्रॅम टोल्यूइन पुरते जाळण्यास ३·१३ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे एवढ्याशा टोल्यूइनसाठी सुमारे ३९० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपेल. नवा येईल म्हणावे, तर स्थिर पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असतो.

भोर-वेल्ह्याच्या मुलांना हे सांगायला नको. आषाढात खाचरात पाणी साठते, चिखलणी होते, भाताची लावणी होते. त्या चिखलात पाय घातला, की वरचा थर तपकिरी आणि बोटभर खाली करडा-काळा चिखल लागतो. कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि पाय काढताना बुडबुडे निघतात. वरच्या काही मिलिमीटर जाडीच्या थरातच ऑक्सिजन असतो. खाली त्याचे नावही नसते. तेल मुरलेल्या जमिनीतही अशीच स्थिती होते.

तेथे कुऱ्हाडही नाही आणि श्वासही नाही. मग कडे फुटणार कसे? १९३४ मध्ये टार्व्हिन आणि बझ्वेल या अमेरिकन संशोधकांनी दाखवले होते, की बेंझोइक आम्लासारखी काही सुगंधी आम्ले ऑक्सिजनवाचूनही कुजतात आणि त्यांपासून मिथेन वायू होतो. परंतु त्या आम्लांच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासून असतो. निव्वळ कार्बन-हायड्रोजनाचे बेंझिन किंवा टोल्यूइन मात्र हवेवाचून कुजणार नाही, असेच बहुतेकांना वाटे. हे मत १९८० नंतरच्या दशकात बदलले.

श्वास म्हणजे इलेक्ट्रॉनांची उतरण

आता थोडी भौतिकी. आपण अन्न खातो म्हणजे अखेर काय करतो? अन्नाच्या रेणूतले इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि ते ऑक्सिजनला देतो. इलेक्ट्रॉन देणारा तो, घेणारा हा, आणि मधल्या उतरणीवर जी ऊर्जा मिळते तिच्यावर आपण जगतो. भाटघरच्या धरणातले पाणी उंचावरून खाली पडते आणि वीजघरात जनित्र फिरते, तसेच हे आहे. पाण्याच्या बाबतीत आपण उंची मीटरमध्ये मोजतो, इलेक्ट्रॉनच्या बाबतीत विद्युत् वर्चस् व्होल्टमध्ये मोजतो.

डोंगरउतारावरची खाचरे डोळ्यांपुढे आणा. वरच्या खाचरातले पाणी बांधावरून खालच्या खाचरात, तिथून आणखी खालच्या खाचरात उतरते. सर्वांत वरच्या खाचरात टोल्यूइन आहे असे समजा. त्याचे वर्चस् सुमारे उणे ०·२८ व्होल्ट आहे. (इलेक्ट्रॉनचा भार ऋण असल्यामुळे येथे उणे म्हणजे वरचे आणि अधिक म्हणजे खालचे खाचर.) उतरणीवरची इतर खाचरे अशी आहेत :

कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन : उणे ०·२४ व्होल्ट
सल्फेट : उणे ०·२२ व्होल्ट
गंजातले लोह : गंजाच्या प्रकारानुसार शून्याच्या आसपास
नायट्रेट : अधिक ०·७५ व्होल्ट
ऑक्सिजन : अधिक ०·८२ व्होल्ट

ऑक्सिजन हे सर्वांत तळचे खाचर आहे, पण एकमेव खाचर नाही. सारे मर्म या एका वाक्यात आहे. ऑक्सिजन नसेल तर इलेक्ट्रॉन मधल्याच एखाद्या खाचरात सोडता येतात. मात्र उतरण जेवढी कमी, तेवढी मिळकत कमी.

मिळकत किती ते काढू. टोल्यूइनच्या एका रेणूचा पूर्ण कार्बन डायऑक्साइड करायचा, तर ३६ इलेक्ट्रॉन काढावे लागतात. एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार ९६,५०० कूलॉम असतो. या संख्येला फॅराडेचेच नाव दिलेले आहे, ज्याने बेंझिन शोधले त्याच फॅराडेचे! भार आणि वर्चस्‌मधील फरक यांचा गुणाकार केला, की ऊर्जा मिळते. ऑक्सिजनपर्यंतची उतरण १·१ व्होल्ट. म्हणून ३६ × ९६,५०० × १·१ म्हणजे सुमारे ३,८०० किलोजूल. नायट्रेटवर सुमारे ३,५०० किलोजूल, म्हणजे फारसा तोटा नाही. सल्फेटपर्यंतची उतरण मात्र अवघी ०·०६ व्होल्ट, म्हणून सुमारे २०० किलोजूल. मिथेनच्या वाटेने गेले तर त्याहूनही कमी. गोबरगॅसच्या टाकीत चालते ती हीच वाट. तिथे एकटादुकटा जिवाणू पुरा पडत नाही. एक जात मोठ्या रेणूचे तुकडे करते आणि दुसरी त्या तुकड्यांपासून मिथेन बनवते.

एवढ्याशा मिळकतीवर जगणारे जिवाणू सावकाश वाढतात, हे ओघानेच आले. ऑक्सिजनवर जगणारे कित्येक जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. सल्फेटवर सुगंधी हायड्रोकार्बने खाणाऱ्यांना दुप्पट होण्यास आठवडेही लागतात. ही संथ चाल लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

लोखंडावर श्वास घेणारा

१९८७ मध्ये अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळातून एक जिवाणू वेगळा करण्यात आला. हा पठ्ठ्या गंजातल्या लोहावर श्वास घेत होता! १९८९ मध्ये डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी जाहीर केले, की तो टोल्यूइनचे इलेक्ट्रॉन काढून लोहाला देतो आणि टोल्यूइनचा कार्बन डायऑक्साइड करतो. पुढे त्याचे नाव जिओबॅक्टर मेटॅलिरिड्यूसेन्स असे ठेवण्यात आले. 'धातूचे क्षपण करणारा भूजिवाणू' असा त्याचा अर्थ.

गंजातले लोह तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असते. त्याला एक इलेक्ट्रॉन परत मिळाला, की ते पाण्यात विरघळू लागते आणि तांबडा रंग जातो. टोल्यूइनच्या एका रेणूला ३६ इलेक्ट्रॉन, म्हणून ३६ लोह अणू हवेत. वजनात सांगायचे, तर १ ग्रॅम टोल्यूइनमागे सुमारे २२ ग्रॅम लोह. हा हिशेबही लक्षात असू द्या.

भोर-वेल्ह्याच्या उतारांवरच्या तांबूस मातीत लोह भरपूर आहे. चिखलणीनंतर खालचा चिखल करडा पडतो, त्यात लोहावर श्वास घेणाऱ्या जिवाणूंचा मोठा वाटा असतो. भाताचे रोप मुळासकट उपटून धुऊन पाहा. मुळांवर गंजासारखे तांबूस अस्तर दिसेल. भाताची मुळे पानांकडून आलेला ऑक्सिजन थोडा थोडा बाहेर सोडतात. त्यामुळे विरघळलेले लोह मुळांपाशी पुन्हा गंजते. एकाच रोपाभोवती दोन्ही क्रिया शेजारी शेजारी चाललेल्या असतात.

एक खूण येथेच सांगून ठेवतो. खाचराच्या कडेला किंवा झऱ्याच्या साचलेल्या पाण्यावर कधी कधी तेलासारखा रंगीत पापुद्रा दिसतो. तो तेलाचा की लोहाचा? काडीने ढवळून पाहा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो लोहाचा. काडी काढताच पापुद्रा पुन्हा एकसंध झाला, तर तेलाचा समजावा आणि ते कुठून आले याचा शोध घ्यावा.

कान नसलेले पातेले

श्वासाची सोय झाली. पण कुऱ्हाडीविना कडे फोडायचे कसे?

चुलीवरचे कान नसलेले तापलेले पातेले तुमची आई कसे उतरवते? सांडशीने. जिवाणूंनी हीच युक्ती केली. टोल्यूइन म्हणजे बेंझिनच्या कड्याला जोडलेला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा गट. कडे भक्कम असले तरी हा बाहेरचा गट तितका भक्कम नाही. जिवाणू त्यातला एक हायड्रोजन क्षणभर काढून घेतात आणि त्या जागी फ्यूमरेट नावाचा, पेशीत नेहमी असणारा छोटा रेणू चिकटवतात. झाली सांडशी तयार! आता रेणू धरता येतो, फिरवता येतो. १९९६ मध्ये बीगर्ट, फुक्स आणि हायडर या जर्मन संशोधकांनी थाउएरा ॲरोमॅटिका या जिवाणूत ही क्रिया शोधून काढली.

हे काम करणाऱ्या विकरात जोडीदार नसलेला एक एकटा इलेक्ट्रॉन असतो. अशा अणुगटाला मुक्त मूलक म्हणतात. तो फार उतावळा असतो, म्हणूनच तो टोल्यूइनचा हायड्रोजन ओढू शकतो. पण ऑक्सिजनचा रेणू दिसला की तो त्याच्याशीच संयोग पावतो आणि विकर मोडून पडते. पाहा, आपल्याला जो प्राणवायू तोच या विकराचा काळ! हवेत हे हत्यार चाललेच नसते.

सांडशी लागल्यावर आणखी काही पायऱ्या होतात आणि शेवटी बेंझोइल को-एन्झाइम ए नावाचा रेणू मिळतो. वेल्ह्याची वाट नसरापूरजवळ आणि भोरची वाट कापूरहोळला महामार्गाला मिळते. तसेच टोल्यूइन, फिनॉल, बेंझोइक आम्ल अशा कितीतरी सुगंधी रेणूंच्या वाटा या एकाच रेणूपाशी येऊन मिळतात. इथून पुढचा रस्ता सामाईक आहे.

आत ढकललेले इलेक्ट्रॉन

आता किल्ल्यावर खरा हल्ला. ऑक्सिजन वापरणारा जिवाणू सुरुवातीलाच कड्यावर ऑक्सिजनचे घाव घालतो. हा जिवाणू उलटेच करतो. तो कड्याला दोन इलेक्ट्रॉन बहाल करतो! सामाईक इलेक्ट्रॉनांची संख्या जुळलेली असते म्हणून कडे भक्कम असते. त्यात दोन परके इलेक्ट्रॉन घुसवले, की ती जुळणी बिघडते. या क्रियेला क्षपण म्हणतात. मग पाण्याचे रेणू जोडता येतात आणि शेवटी पाण्याच्याच मदतीने कडे फोडले जाते. लागणारा ऑक्सिजन अणू हवेतून नव्हे, पाण्यातून येतो.

हे इलेक्ट्रॉन आत ढकलणे सोपे नाही. पहिल्याच इलेक्ट्रॉनला सुमारे उणे १·९ व्होल्टपर्यंत चढवावे लागते, म्हणजे टोल्यूइनच्या खाचराच्याही खूप वर. १९९५ मध्ये बोल आणि फुक्स यांनी हे काम करणारे विकर थाउएरामधून वेगळे केले. दोन इलेक्ट्रॉन चढवताना ते ए. टी. पी. चे दोन रेणू खर्च करते. (ए. टी. पी. म्हणजे पेशीतले ऊर्जेचे सुटे पैसे.) नायट्रेटवर भरपूर मिळकत असलेल्या थाउएराला हा खर्च परवडतो. पण लोहावर किंवा सल्फेटवर काटकसरीने जगणाऱ्यांचे काय? त्यांनी वेगळेच विकर वापरले आहे. त्याच्या गाभ्यात टंगस्टन धातूचा अणू आहे. जुन्या विजेच्या दिव्यातली तार ज्या धातूची, तोच हा टंगस्टन. तो चिखलातल्या जिवाणूच्या पोटात सापडावा, हे मोठे नवल आहे.

खुद्द बेंझिनला मात्र बाहेरचा गटच नाही. सांडशी लावायची कुठे? नॅप्थॅलीनच्या (डांबराच्या गोळीच्या) बाबतीत जिवाणू कड्यावर कार्बन डायऑक्साइड बसवतात असे आढळले आहे. बेंझिनच्या बाबतीतही तसे पुरावे आहेत. पण हे काम अवघड आहे, त्यामुळे हवेवाचून टोल्यूइन लवकर संपते आणि सर्वांत घातक बेंझिन मागे रेंगाळते.

ही विद्या आली कुठून?

पेट्रोल पंप तर कालपरवाचे. मग जिवाणूंना ही विद्या कोणी शिकवली? तुमच्या आसपास पाहा. लाकूड, पेंढा, पालापाचोळा यांत लिग्निन नावाचा पदार्थ असतो. लाकडाचा टणकपणा त्याच्यामुळे येतो. लिग्निन म्हणजे सुगंधी कड्यांचे जाळेच. अखंड लिग्निन हवेवाचून फारसे कुजत नाही, पण त्यातून सुटलेली एकेकटी कडी जिवाणूंना खाता येतात. प्रथिनांतही अशी कडी असतात. तेव्हा कडे फोडणे हा सृष्टीतला जुनाच उद्योग आहे.

आपल्याकडे भाताच्या रोपासाठी उन्हाळ्यात राब भाजतात. पालापाचोळा, शेण, फांद्या जाळल्या की राखेबरोबर आणि काजळीबरोबर दोन, तीन, चार कडी एकमेकांना चिकटलेले सुगंधी रेणूही थोडे तयार होतात. लाकूड अर्धवट जळते तेथे तेथे हे होतेच. पहिल्या पावसात त्यांतले काही खाचरात उतरतात. दोन-तीन कड्यांचे रेणू हवेवाचून खाणारे जिवाणू सापडले आहेत. पाच कड्यांचे रेणू मात्र चिखलात दीर्घकाळ तसेच पडून राहतात.

हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवणे कष्टाचे असते. बाटलीतली हवा काढून तेथे नायट्रोजन भरावा लागतो. पाण्यात रेझाझुरिन नावाचा रंग टाकतात. जोवर पाणी गुलाबी, तोवर ऑक्सिजन शिल्लक आहे. रंग गेला, की जिवाणू सोडायचे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेत ऑक्सिजनवाचून जगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर अनेक वर्षे काम होत आले आहे. गोबरगॅस बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचाही त्यात समावेश आहे.

निसर्गाने मांडलेला प्रयोग

आता खऱ्या जमिनीत काय होते ते पाहू. २० ऑगस्ट १९७९ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ खनिज तेलाची नळवाहिनी फुटली. सुमारे १७ लाख लिटर तेल सांडले. पुष्कळसे तेल उपसून काढले, तरी सुमारे ४ लाख लिटर जमिनीत राहिले. १९८३ पासून शास्त्रज्ञांनी तेथे नळ्या खोदून भूजलाचा अभ्यास चालवला.

त्यांना काय दिसले? तेलाजवळच्या भूजलातला ऑक्सिजन संपून गेला होता. तेथे जिवाणू मातीतल्या लोहावर जगत होते आणि काही ठिकाणी मिथेन तयार होत होता. म्हणजे आपली खाचरांची उतरण तेथे जमिनीत प्रत्यक्ष मांडलेली होती! भूजलाबरोबर वाहत चाललेली सुगंधी द्रव्ये वाटेतच खाल्ली जात होती, त्यामुळे दूषित पाणी भीती होती तितक्या दूरवर पोचले नाही. ही आनंदाची बाजू.

दुसरी बाजूही तितकीच खरी. १ ग्रॅममागे २२ ग्रॅम लोह हा हिशेब आठवा. जवळचे लोह संपत गेले आणि बेंझिन हळूहळू पुढे सरकत गेले. कित्येक दशके लोटली तरी तेल जमिनीतून पुरते गेले नाही. जिवाणू कामचुकार नव्हते. त्यांची मिळकतच तुटपुंजी होती.

काळ्या दगडातले पाणी

बेमिजीची जमीन वाळूची. तिच्यात पाणी कणाकणांतून सावकाश सरकते, जिवाणूंना वेळ मिळतो. भोर-वेल्ह्याची जमीन काळ्या कातळाची, बेसॉल्टची. वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगा पडलेला खडक. पाणी या भेगांतून वाहते आणि भेग मोकळी असेल तर झपाट्याने वाहते. भेगेत माती थोडी, लोह थोडे, वेळही थोडा. ज्या जिवाणूला दुप्पट व्हायला आठवडे लागतात, तो चार दिवसांत विहिरीला पोचणाऱ्या पाण्याला काय करणार? खाचरातल्या चिखलात जे काम होते ते कातळाच्या भेगेतही होईल, असे गृहीत धरता येत नाही.

आणखी एक गोष्ट. याच डोंगरांतून पानशेत आणि वरसगाव या धरणांत पाणी साठते आणि ते पुण्याच्या नळांना जाते. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांनी दूरवरच्या शेतांना मिळते. म्हणून गॅरेजमधले जळके तेल ओढ्यात ओतणे, डिझेलचे डबे विहिरीवर धुणे, पंपाच्या गळक्या टाकीकडे दुर्लक्ष करणे या गोष्टी येथे जास्तच महाग पडतात. सांडलेल्या तेलावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून तो ओढ्यापासून दूर उचलून ठेवला, तर निदान ते भेगेत शिरत नाही. जळके तेल डब्यात साठवून ते परत घेणाऱ्याकडे द्यावे. जमिनीत तेल मुरलेच, तर तेथे हवा किंवा नायट्रेट, सल्फेट यांसारखी द्रव्ये सोडून जिवाणूंना हातभार लावता येतो. पण ते तज्ज्ञांचे आणि खर्चाचे काम आहे.

करून पाहा

काचेची उंच बरणी घ्या. तिच्यात अर्ध्यापर्यंत खाचरातला चिखल, थोडे पेंढ्याचे बारीक तुकडे आणि वर चार बोटे पाणी घाला. झाकण सैल ठेवा. बरणी सावलीत, उघड्या खिडकीपाशी ठेवून रोज तिचे चित्र काढा. पृष्ठभागावर तपकिरी पट्टा किती मिलिमीटर राहतो? खालचा चिखल कितव्या दिवशी करडा पडतो? काळे डाग कुठे उमटतात? बुडबुडे केव्हा दिसू लागतात? बरणीत पेट्रोल किंवा रॉकेल मुळीच घालू नका आणि बरणीजवळ काडी पेटवू नका. प्रयोग संपल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की एका बरणीत तांबूस मातीचा आणि दुसरीत काळ्या मातीचा चिखल घ्यावा. दोन्हींत करडा रंग पसरण्याचा वेग मोजावा आणि आलेख काढावा. खालच्या पट्ट्यात जो रंग बदलेल तो प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनांनी उतरलेल्या एकेका बांधाचा रंग असेल. तो किती दिवसांत किती मिलिमीटर सरकतो हे मोजले, म्हणजे हे जिवाणू किती काम करू शकतात आणि त्यांच्यावर किती भार टाकू नये, या दोन्ही गोष्टी तुमच्या तुम्हालाच कळतील.